तलवार काढून घे, रजिस्टर तिच्या हातात दे

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हॅम्पायरच्या कादंबरीची प्रकरणं वाचली. तू लिहितेस चांगलं, हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर कागद खर्च करत नाही. मला आधी एवढंच सांग, चौथ्या प्रकरणात तुझ्या नायिकेच्या हातात तलवार कुठून आली?

पहिल्या तीन प्रकरणांत ती शहाद्याहून निघालेली मुलगी आहे. आरोग्यसेविका म्हणून तोरणमाळच्या बाजूला पहिली नेमणूक, घाटात जीपमध्ये ओकून अर्धमेली झालेली, उपकेंद्राच्या खोलीत पहिल्या रात्री आईच्या आठवणीने रडणारी. ती मला दिसली आणि पटली. तलावापलीकडच्या जुन्या बंगल्यातला तो रक्त पिणारा माणूसही पटला. आणि चौथ्यात एकदम भिंतीवरची तलवार उपसून ती तिघांना आडवं करते. का, तर वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणाल्या, ही फार रडते, दुबळी वाटते. मामेभाऊ म्हणाला, रक्त पिणाऱ्याच्या प्रेमात पडणारी पोरगी कसली स्वतंत्र! तू दोघांचंही ऐकलंस. रडणं छाटलंस, प्रेम छाटलंस, तलवार दिलीस, आणि आता मला विचारतेस, मॅडम, तरीही ती खंबीर का वाटत नाही?

कशी वाटेल? बंगल्यात कोण राहतं ते म्हाताऱ्या डॉक्टरांना माहीत आहे. तिच्या काकांना माहीत आहे. जीपवाल्यालाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तिला. आणि हे तिघं तिच्यापासून लपवतात ते तू मोठ्या मायेने रंगवलं आहेस, ‘पोर घाबरेल’ म्हणून. तलवार तिच्या हातात असली तरी ती कुणावर उचलायची, कधी उचलायची, हे दुसऱ्यांनी ठरवलेलं आहे. ती फक्त हात चालवते.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. तिला कळलं पाहिजे, आणि ठरवायचं तिनेच.

व्हॅम्पायरची गोष्ट लिहायला घेतलीस, तर तिचं घराणं तुला माहीत हवं. इंग्रजीतली पहिली गाजलेली व्हॅम्पायरकथा १८१९ सालची, जॉन पॉलिडोरी नावाच्या तरुण डॉक्टरने लिहिलेली. ऑब्रे नावाच्या तरुणाला लॉर्ड रुथवेनचं खरं रूप कळतं, पण त्याने वर्षभर आणि वर एक दिवस गप्प राहण्याची शपथ घेतलेली आहे. त्याच लॉर्डशी त्याच्या बहिणीचं लग्न ठरतं. शपथेची मुदत संपायला काही तास उरलेले. ऑब्रे बहिणीला चिठ्ठी लिहितो की लग्न तेवढे तास पुढे ढकल. नोकर ती चिठ्ठी डॉक्टरकडे देतात, आणि डॉक्टर ठरवतो की वेड्या भावाच्या बडबडीने पोरीच्या मनाला उगाच त्रास नको. चिठ्ठी तिला मिळत नाही. लग्न होतं, ती मरते. त्या बहिणीला गोष्टीत स्वतःचं नावसुद्धा नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं त्या लॉर्डला शिव्या द्यायची. मी म्हणायचे, लॉर्ड त्याच्या जातीवर गेला, पण चिठ्ठी दाबून ठेवणाऱ्या डॉक्टरचं काय करायचं?

पुढे १८७२ च्या सुमाराची ‘कार्मिला’, शेरिडन ल फानूची. तिथे तर लॉरा स्वतःच गोष्ट सांगते आहे. डॉक्टर तिची मान तपासतो आणि मग तिच्या वडिलांना बाजूला घेऊन बोलतो. ती विचारते, मला काय झालंय? वडील म्हणतात, एकदोन दिवसांत कळेल तुला. स्वतःच्याच गोष्टीत तिला सगळ्यांच्या शेवटी कळतं.

आणि मग १८९७, ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’. तू सिनेमे पाहिलेस, पुस्तक वाचलं नाहीस, हे तुझ्या लिखाणावरून दिसतं. वाच. लूसीची प्रकरणं तर पेन्सिल घेऊन वाच. लूसी सुंदर, लाडात वाढलेली, एका दिवसात तीन मागण्या आलेली मुलगी. तिच्या गळ्यावर दोन खुणा उमटतात, ती पांढरीफटक पडत जाते. व्हॅन हेल्सिंग नावाचा जाणता डॉक्टर येतो. त्याला पहिल्याच भेटीत संशय येतो, पण तो बोलत नाही. लसणाची फुलं मागवतो, खिडक्यांना चोळतो, तिच्या गळ्यात हार घालतो. कशासाठी, ते लूसीला सांगत नाही. तिच्या आईचं हृदय कमजोर, म्हणून आईलाही सांगत नाही. रात्री आई खोलीत डोकावते, तिला त्या वासाने गुदमरल्यासारखं होतं, लेकीच्या काळजीने ती फुलं काढून टाकते आणि वर खिडकी उघडते. सकाळी हौसेने सांगतेही, की मी कशी वेळेवर आले. ते ऐकून व्हॅन हेल्सिंग ओंजळीत तोंड धरून रडतो. मला त्याच्या रडण्याची कणव येत नाही, इतक्या वर्षांनीही येत नाही. एक वाक्य, पोरी. ‘बाई, ही फुलं हलवू नका, हिच्या जिवाचा प्रश्न आहे.’ एवढं वाक्य त्या आईला सांगितलं असतं तर लूसी त्या रात्री वाचली असती.

चार पुरुषांचं रक्त त्या मुलीच्या अंगात चढवलं जातं. आधी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, मग तिला मागणी घातलेल्या डॉ. सीवर्डचं, मग व्हॅन हेल्सिंगचं, मग तिसऱ्या मागणीवाल्या क्विन्सीचं. सगळे जीव ओतून मदत करतात. तिच्यावर सगळ्यांचं प्रेम आहे, यात खोट नाही. पण तिला विचारतं कुणी नाही, सांगतं कुणी नाही. लूसी दुबळी होती म्हणून मेली असं लोक म्हणतात. मी मानत नाही. तिला लढायची संधी द्यायला हवी होती, आणि ती संधी म्हणजे हत्यार नव्हे, माहिती.

इथे मला माझ्या आत्याबद्दल सांगू दे. ती चोपड्याला राहायची. मी शाळेत होते तेव्हा ती आजारी पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर व्हरांड्यात आजोबांशी आणि काकांशी बोलले. कागद काकांच्या खिशात गेला. आत्या प्रत्येकाला विचारायची, “डाक्टरनी काय सांगं? माले कोनी काहीच सांगत नही.” सगळे म्हणायचे, काही नाही, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय. तिच्या डोक्यात दोन कामं होती. धाकट्या लेकीला पुढे शिकवायचं आणि स्वतःच्या नावावरची जिरायती कुणाच्या नावे करायची ते ठरवायचं. दोन्ही राहिली. तिला वेळ कमी आहे हे कळलं असतं तर ती अंथरुणावरून तलाठ्याकडे गेली असती, मी ओळखते ना तिला. सगळ्यांनी मायेनेच लपवलं. आणि त्या मायेची किंमत तिच्या लेकीने भरली. दहावीनंतर ती पोर घरी बसली. मला तो कागद वाचता आला असता. तो मला कुणी दाखवला नाही, आणि हे आजही माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुझ्या त्या तीन प्रेमळ माणसांची, डॉक्टर, काका आणि जीपवाल्याची, मला चीड आली. त्यांना एवढं गोड करू नकोस.

आता ‘ड्रॅक्युला’तलीच मीना, लूसीची मैत्रीण. मीना हार्कर ही माझ्या मते या सगळ्या साहित्यातली सर्वांत मोठी नायिका, आणि तिच्या हातून एकही माणूस मरत नाही. ती शाळेत सहायक शिक्षिका आहे. शॉर्टहँड शिकलेली, टाइपरायटरचा सराव असलेली. डॉ. सीवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो, आणि त्यातला एखादा दिवस शोधायचा कसा, हे त्याच्या कधी डोक्यातच आलेलं नसतं. मीना बसते, सगळं ऐकते आणि टाइप करते. नवऱ्याची, जोनाथनची, शॉर्टहँडमधली रोजनिशी, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं तारखेच्या क्रमाने लावते. प्रती काढते. पुढे ड्रॅक्युला येऊन मूळ कागद आणि नळकांडी जाळून टाकतो, तेव्हा तिजोरीतली एक प्रत वाचते. ती नसती तर या सगळ्या शूर पुरुषांकडे सुटे तुकडे होते, त्याची गोष्ट कुणाकडेच नव्हती.

आणि मग हे पुरुष काय करतात? एवढं सगळं जिने जुळवून दिलं तिला म्हणतात, आता यापुढचं तुला सांगायचं नाही, हे बाईमाणसाला झेपायचं नाही. व्हॅन हेल्सिंग तिचं कौतुक करतो ते सुद्धा पुरुषाची बुद्धी म्हणून. तिला खोलीत झोपायला पाठवून ते ड्रॅक्युलाच्या घराची झडती घ्यायला जातात, आणि नेमका तेव्हा ड्रॅक्युला तिच्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी ती फिकट दिसते, तेव्हा यांना वाटतं, थकली असेल बिचारी. लूसीच्या गळ्यावरच्या खुणा पाहिलेली हीच माणसं! तिला बाजूला बसवलं नसतं तर ती स्वतःच सगळ्यांत आधी ओळखती. स्टोकरला स्त्रीमुक्तीचा मोठा कळवळा होता असं मी म्हणत नाही. पण त्याने ही गोष्ट इतकी प्रामाणिकपणे रचली की वाचणाऱ्याला दिसतंच, तिला काळोखात ठेवलं की शत्रू आत येतो.

पुढचं तर सोन्याने लिहून ठेवावं असं आहे. तिच्या अंगात आता त्याचं विष आहे, कपाळावर डाग आहे. ती स्वतः व्हॅन हेल्सिंगला बोलावते आणि म्हणते, पहाटेच्या आत मला संमोहित करा, त्याच्याशी माझा धागा जुळलाय, तो कुठे आहे ते मी सांगू शकेन. तिच्या तोंडून पाण्याचा आवाज कळतो, जहाज कळतं. गलात्झ बंदराला पोचल्यावर नकाशे घेऊन ती बसते आणि तो कोणत्या नदीने किल्ल्याकडे जाईल ते मुद्देसूद लिहून काढते. पुरुष ते वाचून मानतात. तिच्यात बदल झाला तर तिला ठार मारायचं, हे वचनही तीच सगळ्यांकडून घेते. आणि सर्वांत महत्त्वाचं, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिच्या मनातून ड्रॅक्युलाला यांचे बेत कळू शकतात हे ओळखून ती नवऱ्याकडून शब्द घेते की तुमचे बेत मला सांगू नका. आधीही तिला सांगितलं जात नव्हतं. आताही नाही. पण आधी ते त्यांनी ठरवलं होतं, आता तिने ठरवलंय. हा फरक तुला कळला ना, तर तुझी कादंबरी झालीच म्हणून समज. शेवटी ड्रॅक्युलावर चालतात ती शस्त्रं पुरुषांच्या हातातली आहेत. जोनाथनची कुकरी आणि क्विन्सीचा सुरा. असू देत. त्याला रस्त्यात गाठलं ते हिच्या बोटांनी टाइप केलेल्या कागदांनी.

तिला कळलं पाहिजे, ठरवायचं तिनेच. पुढे.

तुझ्या मैत्रिणींनी तुला बफीचं उदाहरण दिलं, ‘नायिका अशी हवी’ म्हणून. मलाही ती आवडते. व्हॅम्पायर मारायला निवडलेल्या मुलीची, १९९७ ते २००३ अशी चाललेली ती अमेरिकन टीव्ही मालिका. भयपटात अंधाऱ्या गल्लीत शिरून मरणारी पोर इथे उलटी फिरून राक्षसाला मारते. पण त्यांनी फक्त लाथाबुक्क्या पाहिल्या. त्यांना तो अठराव्या वाढदिवसाचा भाग पुन्हा बघायला सांग. बफीवर देखरेख ठेवणारी जुनी मंडळी ठरवतात की तिला एका व्हॅम्पायरसोबत कोंडून तिची परीक्षा घ्यायची, आणि तिचा गुरू, जो तिला बापासारखा, तो तिला न सांगता सुई टोचून तिची ताकद काढून घेतो. दहा माणसांचं बळ असलेली मुलगी, आणि स्वतःच्या अंगात काय चाललंय ते तिलाच माहीत नाही! लूसी आणि बफी यांच्यात शंभर वर्षं आहेत, पण इंजेक्शन तेच. त्या रात्री ती जिंकते ती ताकदीशिवाय. त्या व्हॅम्पायरला गोळ्या घ्यायची सवय आहे, ती त्याच्या पाण्याच्या जागी मंतरलेलं पाणी ठेवते. आणि मालिकेच्या अगदी शेवटी ती ताकद एकटीकडे ठेवत नाही. एका पिढीत व्हॅम्पायर मारणारी एकच मुलगी, हा नियम फार पूर्वीच्या पुरुषांनी केलेला आहे हे ती ओळखते, बाकीच्या मुलींना सगळं उघड सांगते आणि निवडायला लावते. मला तलवारीचं वावडं नाही. तलवार तिला शेवटी दे. आधी कळू दे.

आता मामेभावाचा मुद्दा, प्रेमाचा. त्याला सांग की प्रेमात पडल्याने कुणाचं स्वातंत्र्य जात नाही. ‘ट्वायलाइट’ची बेला, २००५ सालच्या पुस्तकातली. तिला नावं ठेवणं फार सोपं झालंय. मलाही तिच्या पुष्कळ गोष्टी पटत नाहीत. पुढचं शिक्षण नको, दुसरं काही नको, तो एकच पाहिजे, हे वाचताना माझा हात कपाळावर जातो. पण पहिल्या पुस्तकात बघ, तो कोण आहे हे ती स्वतः शोधते. जेकब नावाच्या मित्राकडून जुनी कथा काढून घेते, इंटरनेटवर चाळते, आणि सगळं कळल्यावर त्याच्यासमोर बसून ठरवते. माझी खरी तक्रार आहे ती एडवर्डवर, तिच्या त्या व्हॅम्पायरवर. दुसऱ्या पुस्तकात तो तिच्या भल्यासाठी म्हणून तिला सोडून जातो आणि तिच्याच खोलीत तिच्याच वस्तू फरशीखाली लपवतो. तिसऱ्यात ती जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. याला पोरी प्रेम म्हणतात, याची मला भीती वाटते. शेवटच्या पुस्तकात पोटातलं मूल ठेवायचं की नाही, यावर नवरा आणि त्याचा डॉक्टर बाप एका बाजूला, ती आणि तिच्या पाठीशी उभी राहिलेली नणंद रोझाली दुसऱ्या बाजूला. तिचा निर्णय तुला पटो न पटो. तिथे ती पहिल्यांदा मला नायिका वाटली, कारण धोका पूर्ण माहीत असताना ती म्हणाली, माझ्या शरीराचं मी ठरवीन.

म्हणून तुझ्या नायिकेला प्रेम करू दे. रडूही दे. मीनाही रडते. तुझ्या बंगल्यातल्या माणसाने मात्र तिला पहिल्याच खऱ्या भेटीत सांगितलं पाहिजे की मी कोण आहे. नाही सांगितलं तर तिने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं पाहिजे. शार्लेन हॅरिसच्या कादंबऱ्यांत लुइझियाना राज्यातली एक वेट्रेस आहे, सूकी. त्या जगात व्हॅम्पायर बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही, आणि सूकी एकदा दिलेलं बोलावणं परत घेते. घेतलं की ते मागे मागे चालत दाराबाहेर पडतात. केवढं मोठं बळ आहे ते! एकदा हो म्हटलं म्हणजे जन्मभर हो, हे आपल्याकडे मुलींच्या डोक्यात इतकं घट्ट बसवलेलं आहे की तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

१९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ जमल्यास बघ. नवऱ्याने वाचू नकोस म्हणून सांगितलेलं पुस्तक एलेन वाचते, आणि कोंबडा आरवेपर्यंत त्या पिशाच्चाला रोखून धरते. ती मरते, आणि ते मला आवडत नाही. स्वतः ठरवणाऱ्या बाईला शेवटी मारूनच टाकायचं, ही लेखकांची सोय झाली. तू तसं करू नकोस.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. तू गोष्ट सातपुड्यात घडवते आहेस. पाचव्या प्रकरणात पाड्यावरची एक म्हातारी रक्त पिणारी आहे अशी कुजबुज तू वातावरणनिर्मितीसाठी टाकलीस, आणि दोन पानांनी विसरून गेलीस. तसं चालणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे ‘डाकीण’ म्हणणं हा नुसता गोष्टीतला शब्द नाही. एखाद्या घरात मूल दगावलं, गुरं मेली की बोट कुणाकडे तरी जातं, आणि ते बहुतेकदा एकट्या बाईकडे, विधवेकडे, जिच्या नावावर थोडी जमीन आहे तिच्याकडे जातं. अशा बायांना मारहाण झालीय, गाव सोडावं लागलंय, जीव गेलेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी-चेटूक करते म्हणून बाईला मारणं, धिंड काढणं त्यात गुन्हा आहे. कायदा आला म्हणून कुजबुज थांबली नाही. युरोपातल्या लेखकाला रक्त पिणारी बाई ही कल्पना असेल, आपल्याला नाही. आपल्याकडे तो आरोप आहे, आणि तो ठरवणारे दुसरेच असतात. त्या म्हातारीला कुणी विचारतं का, तू कोण आहेस म्हणून? तुझ्या नायिकेने विचारलं पाहिजे. बंगल्यातला खरा रक्त पिणारा सभ्य कपड्यांत हिंडतो आणि नाव म्हातारीवर येतं, ही तुझी गोष्ट आहे, पोरी. ती तुझ्या हाताशी पडून आहे आणि तू तलवारीच्या मागे लागलीस.

बाहेरून नमुने कशाला आणायचे, असंही मला कधी कधी वाटतं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन उमेदीत कुंकू पुसलं गेलं. त्यांची ज्योतिष्यावरची कविता तुला शाळेपासून माहीत आहे. दारी आलेल्या ज्योतिष्याला त्या सांगतात, माझा हात पाहू नको, माझं दैव मला कळतं, माझ्या दारी येऊ नको. व्हॅम्पायरला उंबऱ्याबाहेर ठेवायला याहून मोठा मंत्र मला माहीत नाही. ज्या जिल्ह्यात हे कुणीतरी जात्यावर बसून म्हटलं, त्या जिल्ह्यात बसून आपण बिनकण्याच्या नायिका लिहायच्या?

मला आडमुठी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. धारप-मतकरी वाचत वाढलेल्या पिढीतली मी, मला गूढकथाच लिहायच्या होत्या. एका दिवाळी अंकाला मी कथा दिली होती. यावल रस्त्यावरच्या केळीच्या बागेतली, रात्रीच्या पाणीपाळीला गेलेल्या एका बाईची. संपादकांचं पत्र आलं, कथा छान आहे, फक्त शेवटी तिचा दीर येऊन तिला सोडवतो असं करा, वाचकांना बरं वाटेल. त्या बाईने सबंध कथाभर पाण्याचा हिशोब, मोटारीची वेळ, पावलांचे ठसे जुळवून ते काय आहे ते ओळखलं होतं. आणि शेवटी दीर? मी कथा परत मागवली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या ओळखीच्या अंकांनीही नाही. घरचे म्हणाले, एक परिच्छेद बदलला असता तर काय बिघडलं असतं? नाव झालं असतं. बिघडलं असतं. ती बाई बिघडली असती. माझं पुस्तक निघालं नाही याचं दुःख आहे, खोटं का सांगू. कपाटात त्या वह्या आहेत, त्यांना कुणी वाचलं नाही, हे रात्री आठवतं. पण तो परिच्छेद मी आजही लिहिणार नाही. मी बरोबर होते. तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी बरोबर होते, आणि आता तुझं हस्तलिखित समोर आल्यावर ते मला अधिकच पटलं. तुझ्या गोष्टीत तर संपादकाने सांगण्याआधीच तू तीन दीर आणून ठेवलेस.

आता काम. तलवार काढून घे आणि तिच्या हातात रजिस्टर दे. ती आरोग्यसेविका आहे, तिच्या खोलीत कपाटभर नोंदी आहेत. गरोदर बायांचं हिमोग्लोबिन, बाळांची वजनं, पाड्यापाड्यावरची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी. तुला माहीत आहेच, नंदुरबारकडे भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल किती आहे ते. तुझ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बंगल्याजवळच्या पाड्यांवरचा प्रत्येक मृत्यू ‘सिकलसेल, रक्तक्षय’ असा लिहून टाकला असेल, तर? आणि तिने एका रात्री कंदील लावून जुनी रजिस्टरं काढली, आणि तिला दिसलं की ज्यांची सिकलसेल शोधणारी सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह होती त्यांचंही रक्त उतरत गेलंय, तेही फक्त तलावाच्या त्या काठाच्या पाड्यांवर, तर? तिला कुणी सांगणार नसेल तर ती वाचून काढील. पाड्यावरच्या बायांना विचारील. पावरी भाषा तिला नीट येत नाही, तर त्या म्हातारीलाच सोबत घेईल, जिला सगळे डाकीण म्हणतात. दोघी मिळून वही लिहितील. मग त्या डॉक्टरांसमोर वही ठेवून विचारील, तुम्हाला हे माहीत होतं ना? तो प्रसंग लिहिताना डॉक्टरांना दुष्ट करू नकोस. ते म्हणतील, तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं. त्यावर ती काय म्हणते, ते मी तुला सुचवणार नाही. ते तिने ठरवायचं आहे आणि तिच्या वतीने तू.

बंगल्यातल्या माणसाचं काय करायचं, हेही तूच बघ. मारायचं असेल तर मारू दे, लग्न करायचं असेल तर करू दे, मी दोन्ही वाचीन. फक्त तिच्या डोळ्यांसमोर सगळं उघडं असलं पाहिजे. आणि मामेभावाला पुढची प्रकरणं दाखवू नकोस, निदान पूर्ण होईपर्यंत. मैत्रिणींनाही नको. एवढ्या लवकर एवढ्या जणांची मतं घ्यायची गरज नाही.

तिसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण नव्याने लिहून पोस्टाने पाठव, मोबाईलवर मला लांबचा मजकूर वाचवत नाही. कागदाच्या एकाच बाजूला लिही आणि डावीकडे ऐसपैस समास सोड. मला लिहायला जागा लागेल.

तुझी,
मॅडम
अमळनेर